होमरच्या काव्यात उपरोध कसा ऐकू येतो? ग्रीक निपातांविषयी सविस्तर

प्रश्न असा आहे: "इलियड आणि ओडिसी मी अनुवादातून वाचली. पात्रं एकमेकांना सतत टोमणे मारतात असं प्रस्तावनेत लिहिलं होतं, पण वाचताना मला सगळे गंभीरच वाटले. मूळ ग्रीकमध्ये हा उपरोध कळतो कसा? आणि ग्रीक शिकवणारे ज्या चिमुकल्या शब्दांवर एवढा भर देतात, ते छंद भरण्यापुरतेच नसतात का?"

आधी थोडक्यात सांगते. उपरोध आहे आणि भरपूर आहे. तो ओळखायची सर्वात भरवशाची खूण म्हणजे हेच एक-दोन अक्षरांचे चिमुकले शब्द, म्हणजेच निपात. पण ज्याचा अर्थच उपरोध आहे असा एकही निपात ग्रीकमध्ये नाही. बोलणारा आपल्या वाक्यामागे किती ठामपणे उभा आहे, ऐकणाऱ्याकडून तो काय गृहीत धरतो, हे निपात सांगतो. जिथे हा ठामपणा वाक्यातल्या मजकुराशी जुळत नाही तिथे उपरोध तयार होतो. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यापासून सांगत आले आहे, कारण कोशात "उपरोधिक" असा शिक्का पाहून तो सगळीकडे चिकटवण्याची सवय लागली की होमर वाचणं बिघडतं.

लिप्यंतराबद्दल एक सूचना. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे आहेत, तसेच 'ओ'सुद्धा. देवनागरीत तो फरक दिसत नाही, म्हणून दीर्घ स्वरापुढे मी अवग्रह लावते: एऽ, देऽ.

छंद भरण्याचा आक्षेप जुना आहे. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात "पूरक" अव्ययांचा एक वेगळा वर्गच आहे: छंदासाठी किंवा शोभेसाठी घेतलेले शब्द. त्या यादीत देऽ, रा, नु, पू, तोइ, थेऽन, पेर, गे हे सगळे आहेत. आपल्याकडे अमरकोश "तु हि च स्म ह वै पादपूरणे" असं सांगून मोकळा होतो, आणि जुन्या ओव्यांतला 'पैं' आपणही कित्येकदा डोळ्याआड करतो. या म्हणण्यात तथ्यही आहे. होमरचा छंद सहा गणांचा, गणांची घडण ठरलेली, आणि कवी तोंडी परंपरेतला, तयार पदसमूहांनी ओळ बांधणारा. आरा या निपाताची आरा, आर आणि रा अशी तीन रूपं होमरमध्ये आढळतात. हव्या त्या जागी बसणारं रूप हाताशी असणं कवीच्या सोयीचं होतं, यात शंका नाही. कथनाच्या ओघात येणाऱ्या प्रत्येक 'रा'मधून अर्थ पिळून काढू नये असं माझंही मत आहे.

पण या आक्षेपाची एक सोपी परीक्षा घेता येते. इलियडचा सुमारे ४५ टक्के भाग आणि ओडिसीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पात्रांच्या तोंडचा आहे. उरलेला कवीचं निवेदन. छंद दोन्हीकडे एकच. हे शब्द छंद भरण्यासाठीच असते तर दोन्हीकडे सारखे विखुरले असते. तसं होत नाही. पू, थेऽन आणि ठामपणा दाखवणारा एऽ हे जवळजवळ पूर्णपणे भाषणांत येतात. कवी स्वतःच्या आवाजात बोलतो तेव्हा ते क्वचितच वापरतो. म्हणजे हे बोलण्याचे शब्द आहेत, समोर माणूस असताना वापरायचे. छंदाने त्यांना जागा दिली असेल. त्या जागी काय घालायचं हे मात्र कवीने बोलणाऱ्याकडे पाहून ठरवलं.

मराठीत आपण दिवसभर हेच करतो. "तो हुशार आहे" या वाक्यात माहिती आहे. "तो हुशार आहे म्हणे" म्हटलं की मी हात झटकले. "हुशारच की तो!" म्हटल्यावर समोरच्याला माझ्या चेहऱ्याकडे पाहावं लागतं, कारण ते खरंखुरं कौतुकही असू शकतं आणि त्याच्या उलटही. कागदावर चेहरा नसतो, आवाज नसतो. 'म्हणे', 'की', 'हं', 'ना' यांच्यामुळेच तो थोडाफार उरतो. होमरचं काव्य आधी गायलं गेलं, मग लिहिलं गेलं, आणि त्या गायकाच्या आवाजाचा जो अंश आपल्यापर्यंत पोचला आहे तो या निपातांत आहे.

आता प्रत्यक्ष ओळींकडे. सुरुवात एऽ माला देऽ या त्रयीपासून करू, कारण माझं म्हणणं तिच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच सिद्ध होत नाही. एऽ म्हणजे "खरोखर", माला म्हणजे "फार, अगदी", आणि देऽ म्हणजे "हे तर उघडच आहे, तुलाही दिसतंय". तिन्ही मिळून मराठीत "अगदी खरंच, दिसतंयच की" असा जोर येतो.

इलियडच्या आठव्या सर्गात म्हाताऱ्या ग्रीक सरदार नेस्टरचा घोडा बाण लागून कोसळला आहे आणि ट्रोजनांचा वीर हेक्टर चालून येतो आहे. ग्रीक योद्धा डायोमिडीज रथ वळवून त्याच्याजवळ येतो आणि म्हणतो (ओळ १०२): "आजोबा, या तरुण योद्ध्यांनी तुम्हाला अगदी जेरीस आणलंय." इथे एऽ माला देऽ आहे आणि वाक्यात निव्वळ काळजी आहे.

पाचव्या सर्गात याच डायोमिडीजने प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडायटीचं मनगट जखमी केलं आहे. ती रडत ऑलिंपसवर पोचते. देवी अथीना देवराज झ्यूसकडे वळून म्हणते (ओळ ४२२ पासून): "हिनं नक्कीच एखाद्या ग्रीक बाईला आपल्या लाडक्या ट्रोजनांच्या मागे जायला फूस लावली असणार, आणि तिला कुरवाळता कुरवाळता त्या बाईच्या सोन्याच्या पिनेवर हिचा नाजूक हात ओरखडला असणार." वाक्याच्या आरंभी तोच एऽ माला देऽ. अथीनाला खरं कारण पक्कं माहीत आहे. डायोमिडीजला चिथावणी तिनेच दिली होती. त्यामुळे "उघडच आहे" असं सांगणारे तीन शब्द एका धडधडीत बनावट गोष्टीला जोडले जातात, आणि टोमणा जन्मतो. कवी आधी सांगूनही ठेवतो की अथीना आणि झ्यूसची बायको हेरा "डिवचणाऱ्या शब्दांनी" बोलत होत्या.

मात्र मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी जोडी बाविसाव्या सर्गात आहे. हेक्टर ग्रीकांच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्यासमोर, अकिलीससमोर, उभा आहे. त्याने भाला फेकला, तो ढालीवरून उसळून गेला. दुसरा भाला मागायला तो भाऊ डिइफोबसला हाक मारतो, आणि भाऊ जवळ नाहीच. त्या रूपात आलेली अथीना त्याला फसवून निघून गेली आहे. तेव्हा हेक्टर म्हणतो (ओळ २९७): "ओऽ पोपोइ, एऽ माला देऽ..." "हाय, देवांनी मला मरणाकडे बोलावलंच आहे तर." या तीन शब्दांत माणसाला आपलं मरण दिसतं. "उघड आहे" हे इथे तो स्वतःलाच सांगतो आहे.

त्यानंतर शंभर ओळीसुद्धा होत नाहीत. हेक्टर पडला आहे, अकिलीसने त्याचं चिलखत उतरवलं आहे, आणि ग्रीक सैनिक भोवती जमून त्या प्रेतात भाले खुपसत आहेत. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून म्हणतो (ओळ ३७३): "ओऽ पोपोइ, एऽ माला देऽ..." "अरे वा, जहाजं पेटवत होता तेव्हापेक्षा आता हेक्टर हाताला बराच मऊ लागतोय की!" उद्गार तोच, निपात तेच तीन, ओळीतली जागाही तीच. एकदा हेक्टरच्या तोंडी, एकदा हेक्टरच्या देहावर. पहिल्या ठिकाणी त्या शब्दांना एका आयुष्याचं वजन आहे. दुसऱ्या ठिकाणी ते थट्टा बनून परत येतात. हे कवीने जाणून केलं की परंपरेच्या साच्यातून आपोआप आलं, यावर वाद घालता येईल. पण काव्य ऐकणाऱ्याच्या कानात पहिला एऽ माला देऽ अजून घुमत असणार, आणि सैनिकांचं हसू त्याला त्यामुळेच असह्य होत असणार, असं मला वाटतं. बहुतेक अनुवादांत हा दुवा तुटतो, कारण अनुवादक पहिल्या ठिकाणी एक शब्द वापरतो आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळा.

देऽ एकटाही बरंच काम करतो. इलियडच्या पहिल्याच सर्गात कॅल्कस हा द्रष्टा सांगतो की साथ पसरली आहे ती क्रायसेइस या मुलीला तिच्या बापाकडे परत न केल्यामुळे. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन संतापतो: तू नेहमी वाईटच भाकितं करतोस, आणि आताही लोकांपुढे सांगतोयस की होऽस देऽ... (ओळ ११०). होऽस म्हणजे "की", आणि त्यापुढे देऽ. मराठीत इथे एकच शब्द बसतो: "यासाठीच म्हणे तो दूरवर बाण मारणारा देव यांना छळतोय, म्हणे मी त्या मुलीची खंडणी घेतली नाही म्हणून." दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं उचलायचं आणि त्याला देऽ लावून अंतरावर धरायचं. जे. डी. डेनिस्टन यांचा ग्रीक निपातांवरचा मोठा अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला, त्यात देऽच्या या उपरोधिक छटेची स्वतंत्र चर्चा आहे. गंमत अशी की कॅल्कस खरंच बोलतो आहे. श्रोत्यांना ते ठाऊक आहे, म्हणून अ‍ॅगमेम्नॉनचा 'म्हणे' त्याच्याच अंगावर उलटतो. या उलटण्याकडे मी पुढे पुन्हा येईन.

देऽचा सर्वात धारदार वापर नवव्या सर्गात, रुसून लढाईबाहेर बसलेल्या अकिलीसच्या उत्तरात आहे. अ‍ॅगमेम्नॉनने भेटी पाठवल्या आहेत, ओडिसियस मनधरणी करतो आहे. अकिलीस म्हणतो (ओळ ३४८ पासून): एऽ मेन देऽ माला पोल्ला... "हो, माझ्यावाचून त्यानं खूपच काही करून दाखवलंय की! भिंतसुद्धा बांधली. तिच्या कडेनं खंदक खणला, रुंद, भला मोठा. त्यात मेखाही ठोकल्या." आणि मग: "तरी माणसं मारणाऱ्या हेक्टरचं बळ त्याला थोपवता येत नाही." या चार ओळी मोठ्याने वाचून पाहा. एऽ मेन देऽ माला असे चार शब्द लागोपाठ येतात आणि पुढे लगेच काइ देऽ, म्हणजे "आणि हे तर पाहाच". प्रत्येक कामगिरी वेगळी मोजून दाखवली जाते, जणू लहान मुलाने केलेल्या गोष्टी. भिंत, खंदक, मेखा यांची माहिती खरीच आहे. एकही शब्द खोटा नाही. कौतुकाचा आव निपातांनी आणला आहे, आणि "तरी" येताच तो आव कोसळतो. हे निपात काढून टाकले तर उरतो तो बांधकामाचा अहवाल, आणि पुष्कळ अनुवादांत तेवढंच उरलेलं असतं. प्रश्नकर्त्याला सगळे गंभीर वाटले त्याचं कारण इथे आहे.

एकटा एऽ ओडिसियसच्या मुलाच्या, टेलेमॅकसच्या तोंडी ऐका. ओडिसीच्या सतराव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस स्वतःच्याच दिवाणखान्यात भीक मागतो आहे आणि त्याच्या बायकोच्या मागणीदारांपैकी एक, अँटिनोअस, त्याला हाकलून द्यायला सांगतो. टेलेमॅकस म्हणतो (ओळ ३९७): "अँटिनोअस, बापानं मुलाची घ्यावी तशी छान काळजी घेतोस हं माझी!" एऽसाठी मराठीत मला 'हं'पेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. इथे आणखी एक थर आहे: बापाची उपमा देणाऱ्या मुलाचा खरा बाप त्याच खोलीत बसलेला आहे, आणि हे टेलेमॅकसला माहीत आहे, अँटिनोअसला नाही.

आता पू. हा मूळचा "कुठेतरी", त्यावरून "बहुधा, वाटतं". आपण पैज लावत नाही, अंदाज करतो, असं दाखवणारा सौम्य शब्द. सौम्यपणामुळेच तो क्रूर होऊ शकतो. इलियडमध्ये मरणाऱ्या शत्रूवर बढाई मारताना हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तीन प्रसंगांतून त्याची एक साखळी तयार होते.

सोळाव्या सर्गात हेक्टर अकिलीसच्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला, मारतो आणि म्हणतो (ओळ ८३०): "पॅट्रोक्लस, तुला वाटलं असेल, नाही का, की आमचं शहर लुटशील" — एऽ पू एफेऽस्था. एऽ ठामपणा आणतो, पू तो मऊ करतो. दोन्ही मिळून समोरच्याच्या मनात डोकावून पाहिल्याचा आव. पुढे तो आणखी एक पू वापरतो (ओळ ८३८): अकिलीसने तुला निघताना बहुधा बजावलं असेल की हेक्टरचा रक्ताळलेला अंगरखा फाडल्याशिवाय माझ्याकडे परत येऊ नकोस. ऐकणाऱ्याला इथे धक्का बसतो, कारण अकिलीसने नेमकं उलट बजावलं होतं: जहाजांपासून शत्रू हटवलास की मागे फीर. हेक्टरचा पू त्याच्या दृष्टीने टोमणा आहे. कवीने मात्र त्याच शब्दातून हेक्टरच्या अज्ञानाचं माप काढलं आहे. तो अंदाज करतो, आणि अंदाज चुकलेला आहे.

मग बाविसावा सर्ग. आता हेक्टर धुळीत पडला आहे आणि अकिलीस बोलतो (ओळ ३३१): "हेक्टर, पॅट्रोक्लसचं चिलखत उतरवताना तुला वाटलं असेल की आपण सुखरूप राहू" — अतार पू एफेऽस. तोच पू, तेच क्रियापद, दोन्ही वेळा वाक्य शत्रूचं नाव घेऊन सुरू होतं. हेक्टरने पॅट्रोक्लसला दिलेलं ते वाक्य अकिलीसने ऐकलेलं नव्हतं. श्रोत्यांनी ऐकलेलं होतं. मधे एकविसाव्या सर्गात (ओळ ५८३) एजेनॉर हा ट्रोजन तरुण अकिलीसलाच हे म्हणून बसला आहे, आणि तेही एऽ देऽ पू माला अशा भरगच्च रांगेसह: "आजच ट्रॉय लुटायची फार आशा धरून बसला असशील, नाही का?" तिघांच्या तोंडी एकच ठेवणीतला टोमणा आहे आणि त्याचा रोख प्रत्येक वेळी फिरतो. इलियड एका बाजूने वाचायचं काव्य नाही असं आपण म्हणतो, ते नेमकं अशा ठिकाणी दिसतं.

आराबद्दल थोडक्यात. क्रियापद भूतकाळी आणि त्याबरोबर आरा आला की "म्हणजे हे असं होतं तर" असा उशिरा उमजल्याचा भाव येतो. पॅट्रोक्लस अकिलीसला म्हणतो (सर्ग १६, ओळ ३३): "निर्दया, म्हणजे पेलेउस तुझा बाप नव्हताच तर, तुला निळ्या समुद्राने आणि कड्यांनी जन्म दिला." ओडिसियस आंधळ्या सायक्लॉप्सला होडीवरून ओरडून सांगतो (ओडिसी, सर्ग ९, ओळ ४७५): "ज्याचे सोबती तू खाणार होतास तो काही दुबळा माणूस नव्हता तर!" पॅट्रोक्लसच्या वाक्यात दुःख आहे, ओडिसियसच्या वाक्यात विजयाची ऐट आहे; निपात दोन्हीकडे एकच.

आराचं विनोदाकडे झुकणारं रूप पॅट्रोक्लसच्याच तोंडी आहे. इलियडच्या त्याच सोळाव्या सर्गात हेक्टरचा सारथी सेब्रिओनीस कपाळावर दगड बसून रथातून डोक्यावर आपटतो. पॅट्रोक्लस म्हणतो: काय हलका माणूस, किती सहज कोलांटी मारतो, समुद्रावर असता तर होडीतून उड्या मारून शिंपले काढून कित्येकांची पोटं भरली असती. शेवटची ओळ (७५०): एऽ रा काइ... "म्हणजे ट्रोजनांतही कोलांटउड्या मारणारे आहेत तर!" एऽ दुजोरा देतो, रा शोध लागल्याचा आव आणतो, काइ म्हणजे "सुद्धा". थट्टा निर्दय आहे, आणि थट्टा करणाऱ्याजवळ फार थोडा वेळ उरला आहे. आधीच, याच सर्गाच्या ४६ व्या ओळीत, पॅट्रोक्लस लढायला जाण्याची विनवणी करत असताना, कवीने स्वतःच्या आवाजात एऽ वापरून सांगून ठेवलं आहे: "खरोखर, तो स्वतःचंच मरण मागत होता." पात्रांचा हा शब्द कवीने आपल्या तोंडी घेणं विरळा, म्हणूनच ते मनात राहतं.

थेऽन होमरमध्ये आणि नंतर सिसिलीच्या लेखकांत सापडतो, बाकी फारसा नाही. ग्रीक राजा मेनेलॉस इलियडच्या तेराव्या सर्गात एका ट्रोजनला मारून म्हणतो (ओळ ६२०): "अशा रीतीने तरी सोडाल ना आमची जहाजं!" तिथला 'ना' म्हणजे थेऽन आणि 'अशा रीतीने तरी' यातला 'तरी' म्हणजे गे. एवढं त्याबद्दल पुरे.

आता त्या उलटण्याकडे येते, कारण मला ओडिसी आवडण्याचं मोठं कारण ते आहे. आतापर्यंत बोलणारा जाणून टोमणा मारत होता. ओडिसीचा कवी पुढची पायरी गाठतो: बोलणारा टोमणा मारतो, आणि टोमण्यातली गोष्ट अक्षरशः खरी निघते. निपात इथे दुहेरी कामाला लागतो. बोलणाऱ्यासाठी तो थट्टेचा आव आहे, आपल्यासाठी साधा दुजोरा.

पहिल्या सर्गात टेलेमॅकस प्रथमच आई पेनेलोपीच्या मागणीदारांसमोर ताठ बोलतो. अँटिनोअस म्हणतो (ओळ ३८४): "टेलेमॅकस, तुला अगदी देवच शिकवतायत वाटतं, मोठमोठ्या बाता मारायला!" पुन्हा एऽ माला देऽ. आणि नुकतीच अथीना मेंटीस नावाच्या पाहुण्याच्या रूपात त्याच्याशेजारी बसून त्याला हेच शिकवून गेली आहे. टेलेमॅकसला ते मनोमन कळलेलं आहे. पाहुणा कोण होता असं दुसरा मागणीदार युरिमॅकस विचारतो तेव्हा तो मेंटीसचं नाव सांगून वेळ मारून नेतो. अँटिनोअसच्या वाक्यातून त्याचा सूर काढून घ्या, उरतं ते निखळ सत्य: "खरोखर, उघडच, देव तुला शिकवत आहेत."

दुसऱ्या सर्गात कुणी एक तरुण मागणीदार हसून म्हणतो (ओळ ३२५): "एऽ माला, टेलेमॅकस आपल्या खुनाचा बेत आखतोय!" बाविसाव्या सर्गात टेलेमॅकस बापाच्या बाजूने भाला घेऊन उभा राहतो तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवतं.

आणि एकविसावा सर्ग. भिकाऱ्याच्या हाती धनुष्य आलं आहे. तो ते उलटसुलट फिरवून पाहतो, मालक दूर असताना शिंगाला कीड तर लागली नाही ना हे तपासतो. मागणीदार एकमेकांकडे पाहून कुजबुजतात (ओळ ३९७ पासून): "धनुष्यातला मोठा जाणकारच दिसतोय." मग: एऽ रा नु पू... "म्हणजे असलीच धनुष्यं याच्याही घरी पडलेली असतील, नाही का!" चार निपात लागोपाठ: दुजोरा, उमज, "आता" आणि अंदाज. या चौघांनी ओळीचा पहिला दीड गण व्यापला आहे. भिकाऱ्याचं घर, आणि त्यात असं धनुष्य, ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटते, म्हणून निपातांची एवढी आरास. पण असं धनुष्य त्याच्या घरी खरंच आहे. हेच ते धनुष्य, आणि हेच ते घर. चारही निपात साध्या अर्थाने वाचले तर ओळ शब्दशः बरोबर आहे. लगेच दुसरा कुणी म्हणतो, धनुष्याला दोरी लावण्यात याला जेवढं यश येईल तेवढंच सुख याच्या नशिबी येवो. ते यश काही क्षणांत येतं.

या ओळीवरूनच एक सावधगिरी सांगायला हवी. एऽ (खरोखर), "किंवा" या अर्थाचा एऽ आणि प्रश्न विचारणारा एऽ हे ग्रीकमध्ये एकाच अक्षराने लिहिले जातात. फरक फक्त आघातचिन्हांचा, आणि होमरचं काव्य प्रथम लिहिलं गेलं तेव्हा ती चिन्हं लिहायची पद्धत नव्हती. म्हणजे या ठिकाणी "खरंच असेल" की "एकतर असेल" हा निवाडा संपादकाने केलेला असतो. छापील ओळीतलं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नये. आजूबाजूची वाक्यं पाहावीत. मी स्वतः आधी तीन गोष्टी तपासते: बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक आहे का, कवीने भाषणाआधी "डिवचत", "टोचून" असं काही सांगितलं आहे का, आणि भाषण संपल्यावर समोरचा कसा वागतो. पॅट्रोक्लसच्या कोलांटउडीच्या थट्टेआधी कवी "त्याला डिवचत" असं स्पष्ट म्हणतो. इलियडच्या चौदाव्या सर्गात ग्रीक योद्धा एजॅक्स ट्रोजन पोलिडॅमसला भोळेपणाचा आव आणून विचारतो, हा मेलेला माणूस आमच्या प्रोथोएनॉरच्या बदल्यात शोभतो ना, कुणा बऱ्या घरातला दिसतो, अँटेनॉरचा भाऊ किंवा मुलगा असेल, आणि कवी लगेच जोडतो: "असं तो म्हणाला, नीट ओळखूनच." अशा ठिकाणी आपल्याला तर्क करावा लागत नाही.

मराठीत अनुवाद करणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की निपाताला शब्दकोशातला प्रतिशब्द देऊ नये. "खरोखर" आणि "निश्चितच" ही भाषांतरी अव्ययं टोमणा मारून टाकतात. आपल्याकडे 'म्हणे', 'की', 'हं', 'तर', 'ना', 'वाटतं', 'च' आहेत. ग्रीक निपात जिथे वाक्याच्या आरंभी येतो तिथे आपला बहुधा शेवटी जाईल, आणि जाऊ द्यावा. आणि एकच निपात दोन ठिकाणी मुद्दाम घुमत असेल, जसा हेक्टरच्या प्रसंगात घुमतो, तर दोन्हीकडे मराठीतही एकच उद्गार ठेवावा, भले एका ठिकाणी तो किंचित अवघडलेला वाटो.

जिथे निपात आणि कवीची सूचना दोन्ही असूनही निवाडा होत नाही, अशी जागाही आहे. इलियडच्या चोविसाव्या सर्गात अकिलीस आणि हेक्टरचा बाप प्रायम एकत्र जेवले आहेत, रडले आहेत. झोपायची वेळ होते. कवी "डिवचत" हेच क्रियापद वापरतो आणि अकिलीस म्हणतो (ओळ ६५०): "आजोबा, तुम्ही बाहेर निजा" — तिथे मेन देऽ आहे. कारण तो असं देतो की सल्लामसलतीला कुणी ग्रीक इथे येईल, ते नेहमीच येऊन बसतात, रीतच आहे तशी, आणि तुम्हाला पाहून अ‍ॅगमेम्नॉनला सांगेल, मग प्रेत सोडवायला उशीर होईल. मुलाच्या प्रेतासाठी आलेल्या बापाला अकिलीस इथे डिवचेल कसा, हा प्रश्न अभ्यासकांना फार सतावतो आणि त्यावर एकमत नाही. माझा कल असा आहे की डिवचणं प्रायमला नाहीच. "नेहमीच येऊन बसतात, रीतच आहे" या शब्दांत रोख अ‍ॅगमेम्नॉनकडे आणि त्याच्या सल्लागारांकडे आहे, आणि मेन देऽ मुळे प्रायमला सांगितलेली गोष्ट "हे तर करावंच लागेल" इतकी साधी आणि आपुलकीची होते. ज्यांना इथे अकिलीसच्या आवाजात अजूनही धार ऐकू येते, त्यांनी पुढच्या वीस ओळी वाचाव्यात. अकिलीस तिथे हेक्टरच्या अंत्यविधीला किती दिवस हवेत ते विचारतो, तेवढे दिवस लढाई थांबवण्याचं वचन देतो, आणि म्हाताऱ्याने घाबरू नये म्हणून त्याचं मनगट हातात धरतो.